इंग्रजीच्या मास्तरांची तयारी

श्रोतेहो, इंग्रजी हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, इंग्रजीवाचून पोरांचे भले नाही. दुसरा म्हणतो, इंग्रजीने मराठीचा घात केला. मेकॉलेसाहेबाने १८३५ साली आपले ते प्रसिद्ध टिपण लिहिले तेव्हापासून हा वाद चालला आहे, आणि तो मिटवण्याचा आज माझा विचार नाही. या वादात ज्याची कोणीच विचारपूस करीत नाही अशा एका माणसाबद्दल मला बोलायचे आहे. तो म्हणजे खेड्यातल्या शाळेत दुसरीला नाहीतर सातवीला इंग्रजी शिकवणारा शिक्षक. मुलांना इंग्रजी यावे असे सारे म्हणतात. पण शिकवणाऱ्याने ते कोठून आणावे, हे त्याला कोण सांगणार?

आधी थोडा मागचा हिशेब पाहू. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ होई तो आठवीत. पुढे ते पाचवीला आले. २००० साली महाराष्ट्राने मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. म्हणजे पन्नासएक वर्षांत इंग्रजी आठवीच्या वर्गातून पहिलीच्या सतरंजीवर येऊन बसले. आठवीचा इंग्रजीचा शिक्षक हा हायस्कुलातला, बहुधा पदवीधर, त्याच विषयासाठी नेमलेला. पहिलीचे गुरुजी किंवा बाई मात्र गणितही शिकवतात, परिसर अभ्यासही शिकवतात, दुपारच्या खिचडीचा तांदूळही मोजून देतात, आणि कित्येक ठिकाणी एकाच खोलीत दोन-दोन वर्ग सांभाळतात. त्यांच्यापैकी पुष्कळांनी स्वतः इंग्रजीचे पहिले अक्षर पाहिले ते पाचवीत, आणि बारावीनंतर त्या भाषेत कोणाशी चार वाक्ये बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही. लहान मूल भाषा लवकर उचलते, हे खरे. पण ते उचलते ती कानावर पडलेली भाषा. तेव्हा मुलाचे वय खाली आणले, त्या दिवशीच शिक्षकाची तयारी वर न्यायला हवी होती.

प्रशिक्षण झालेच नाही असे कोणी म्हणणार नाही. १९५८ साली हैदराबादेत इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी केंद्रीय संस्था निघाली. आज तिचे विद्यापीठ झाले आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या. अडचण आहे ती पाणी वाटण्याच्या पद्धतीची. पाटाच्या पाण्याचे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. धरणाजवळच्या शेतकऱ्याला भरपूर, मधल्याला बेताचे, आणि टेलच्या शेतकऱ्याला पाणी सुटल्याची नुसती बातमी. प्रशिक्षणाचे तसेच होते. राज्य पातळीवर तज्ज्ञ काही जणांना शिकवतात, ते जिल्ह्याला येऊन शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. दर टप्प्याला दिवस कमी होतात, गोष्ट पातळ होते, आणि शेवटच्या वाडीवरच्या शिक्षकाच्या हाती एक पुस्तिका आणि एक हजेरीपत्रक पडते. त्यातून जे प्रशिक्षण पोचते तेही बरेचदा इंग्रजी शिकवण्याविषयी मराठीतून दिलेले भाषण असते. पोहण्याविषयी काठावर बसून ऐकलेल्या भाषणाने कोणी तरंगायला लागत नाही.

याचा परिणाम काय होतो, तो रोज सकाळी गावात दिसतो. पिवळी गाडी येते, आठ-दहा पोरे उचलते आणि दहा-बारा मैलांवरच्या इंग्रजी शाळेत नेऊन टाकते. तिथले इंग्रजी कसे असते, हा निराळा प्रश्न आहे. पुष्कळ ठिकाणी पाटी तेवढी इंग्रजी असते. पण बाप कर्ज काढून फी भरतो, कारण गावच्या शाळेत इंग्रजी येत नाही असे त्याच्या मनाने घेतलेले असते. शाळेचा पट घसरतो, एक शिक्षक कमी होतो, आणि मग उरलेल्या मुलांचे इंग्रजीच काय, गणितही मागे पडते. उरलेली मुले कोणाची, हे सांगायला नको. गाडीभाडे ज्यांना परवडत नाही त्यांची. गावची शाळा टिकवायची तर शिक्षकाच्या इंग्रजीचा प्रश्न बाजूला ठेवून भागणार नाही.

मी कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे पहिल्या वर्षाला खेड्यापाड्यांतून मुलेमुली येतात. त्यांना वाक्याचा कर्मणी प्रयोग करायला सांगा, बिनचूक करतील. पण इंग्रजीत विचारा, ‘कोठून आलात, किती वेळ लागला?’ की मान खाली. ही मुले मठ्ठ नाहीत. बारा वर्षे ती इंग्रजीविषयी शिकली, इंग्रजी शिकली नाहीत. गुरुजींनी एक वाक्य वाचले, त्याचा मराठी अर्थ सांगितला, दुसरे वाचले, त्याचा अर्थ सांगितला. मग फळ्यावर प्रश्नोत्तरे, आणि ती वहीत. मुलाच्या हे लवकर ध्यानात येते की इंग्रजी वाक्याकडे लक्ष देण्याचे कारणच नाही, पाठोपाठ मराठी येणारच आहे. इंग्रजी चालू असेपर्यंत ते कान बंद ठेवते आणि मराठी आले की उघडते. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर आपल्या आजोबांच्या पिढ्या पोसल्या, हे मला मान्य आहे. पण ती माणसे रात्र रात्र जागून स्वतः ती वाक्ये घोकत आणि पुढे कचेरीत साहेबापुढे ती वापरत. आपल्या मुलाला तो साहेबही भेटत नाही आणि ती कचेरीही.

तर मग शिक्षकाची तयारी कशात करावी? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे मुलाची चूक वाचता आली पाहिजे. चूक ही नाडीसारखी असते. वैद्याला ती पाहता आली तर रोग कळतो. आता हेच पाहा. सहावीतला मुलगा लिहितो, ‘आय ॲम गो टू स्कूल.’ गुरुजी तांबड्या शाईने ‘ॲम’ खोडतात. पुढच्या आठवड्यात ‘ॲम’ पुन्हा हजर! का? कारण त्या मुलाने पहिलीत पहिले इंग्रजी शिकले ते ‘आय ॲम सुरेश, आय ॲम अ बॉय.’ त्याच्या कानाला ‘आय ॲम’ हा एकच शब्द वाटला आणि त्याचा अर्थ त्याने लावला ‘मी’. मग ‘मी जातो’ याचे ‘आय ॲम गो’ झाले यात नवल काय? खोडण्यापेक्षा ‘आय प्ले, आय ईट, आय रन, आय सिंग’ अशी वीस वाक्ये कृतीसह म्हणवून घेतली, तर ‘आय’ सुटा होतो.

दुसरे उदाहरण. ‘मला आंबा आवडतो’ याचे मूल करते ‘मँगो लाइक मी’. आपल्याला हसू येते, पण मराठीच्या हिशेबाने ते बरोबर आहे. मराठीत आवडण्याची क्रिया आंब्याकडे, माणूस नुसता ‘मला’. ‘मला ताप आला’, ‘मला भूक लागली’, ‘मला राग येतो’, या सगळ्या ठिकाणी मराठी माणूस बसून असतो आणि गोष्टी त्याच्याकडे येतात. इंग्रजीत माणूसच कर्ता होऊन पुढे सरसावतो. तिसरी गोष्ट शब्दांच्या जागेची. ‘वाघाने माणसाला मारले’ म्हणा की ‘माणसाला वाघाने मारले’ म्हणा, मेला तो माणूसच. कारण प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो, शब्द कुठेही गेला तरी त्याचे नाते त्याच्याबरोबर जाते. इंग्रजीत वाघ आणि माणूस यांच्या जागा बदलल्या तर मरणारा बदलतो. हे एकदा चित्रे काढून समजावले की मूल पुष्कळ चुका आपणहून टाळते. आणि हे समजावयाचे ते खुशाल मराठीतून. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द तोंडातून निघाला तर दंड करणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. ज्या पायरीवर उभे राहून वर चढायचे तीच पायरी तोडण्यासारखे आहे ते.

मात्र मराठीला समजावण्याच्या जागी ठेवावे आणि वर्गाच्या रोजच्या व्यवहारात इंग्रजी आणावे. ‘ओपन युवर बुक्स’, ‘कम हिअर’, ‘हू इज ॲब्सेंट टुडे?’, ‘गिव्ह मी द चॉक’, ‘क्लोज द डोअर’. अशी तीसएक वाक्ये शिक्षकाने पक्की करावीत आणि रोज, न चुकता, हातवाऱ्यांसह वापरावीत. यासाठी पदवी लागत नाही. मुलांनी लगेच इंग्रजीत उत्तर द्यावे असा आग्रह धरू नये. तान्हे मूल वर्षभर ऐकते तेव्हा कुठे ‘आई’ म्हणते, आणि तोवर आपण त्याला नापास करीत नाही. खानदेशातली मुलगी कोकणात सून म्हणून गेली, तर पहिले काही महिने ती त्या घरची बोली ऐकतच असते. सांगितलेले काम करते, पण बोलते आपलेच. मग एके दिवशी तिच्या तोंडून तिथले हेल निघू लागतात. वर्गातल्या गप्प मुलालाही तेवढी सवड द्यावी. बोलू लागले आणि म्हणाले, ‘आय गोड टू बाजार’, तर मध्येच थांबवू नये. ‘ओहो, यू वेंट टू द बाजार! हू वेंट विथ यू?’ एवढे म्हणावे. चूक दुरुस्त झाली, बोलणेही पुढे गेले.

अक्षरओळखीचेही असेच. आपली बाराखडी मोठी प्रामाणिक आहे. ‘क’ला ‘क’ म्हणायचे आणि ‘क’च वाचायचे. त्या सवयीचे मूल इंग्रजीकडे येते आणि पाहते तो अक्षराचे नाव एक, आवाज दुसरा. ‘एच’ या नावात ‘ह’ कुठे आहे? ‘डब्ल्यू’मध्ये ‘व’ कुठे आहे? आणि एकटे ‘ए’ हे अक्षर कॅटमध्ये ‘ॲ’, केकमध्ये ‘ए’, कारमध्ये ‘आ’ आणि बॉलमध्ये ‘ऑ’. म्हणून आधी कानाने शब्द ओळखीचा व्हावा, मग आवाज, आणि अक्षरांची नावे शेवटी आली तरी बिघडत नाही. शब्द शोधायलाही लांब जायला नको. स्टँड, कंडक्टर, ट्रॅक्टर, पंप, मोटर, डिझेल, इंजेक्शन, बिल, फॉर्म, सोसायटी, बॅटरी, स्टार्टर. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीलाही यातले निम्मे शब्द ठाऊक असतात. पहिलीतले मूल कोऱ्या पाटीने येत नाही, शे-दोनशे इंग्रजी शब्द खिशात घेऊन येते. ते खिसे आधी रिकामे करून पाहावेत.

आता थोडे सेमी-इंग्रजीविषयी. कारण तिथे प्रश्न जास्त बिकट आहे आणि त्याची चर्चा कमी होते. पुष्कळ मराठी शाळांतून गणित आणि विज्ञान हे विषय इंग्रजीतून शिकवले जातात. गणिताच्या शिक्षकाला वाटते, भाषा हे माझे काम नव्हे. पण शब्द फसवतात. ‘रूट’ म्हणजे विज्ञानात झाडाचे मूळ, गणितात वर्गमूळ. ‘टेबल’वर चहा ठेवायचा आणि ‘टेबल’ पाठही करायचे. ‘सोल्यूशन’ म्हणजे प्रयोगशाळेत द्रावण, वहीत उदाहरणाची उकल. ‘पॉवर’ म्हणजे गणितात घातांक आणि गावात मोटरची वीज. आणि ‘व्हॉल्यूम’ म्हणजे घनफळ. पण तुमच्या हातातल्या रेडिओचा आवाजही व्हॉल्यूमच. हे दोन्ही अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी मांडले नाहीत, तर हुशार मूलही चकते.

वाक्यरचनेचा सापळा तर आणखी वाईट. ‘बारापेक्षा पाच कमी’ असे मराठीत सांगितले तर बारा आधी येतात. मूल बारा लिहिते, त्यातून पाच वजा करते. इंग्रजीत तेच ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’. पाच आधी आले! मूल पाचातून बारा वजा करू पाहते आणि अडते. शिक्षक म्हणतो, याचे गणित कच्चे. गणित पक्के आहे हो, वाक्य उलटे आहे! असे शेकडो प्रसंग वर्गात घडतात, आणि चांगले चालणारे पोर सातवी-आठवीत एकाएकी गप्प होते. प्रश्न विचारायचे थांबते. नववीत गेल्यावर आपण म्हणतो, त्याला विज्ञानाची आवड नाही.

इंग्लंडातही हा धडा सावकाशीनेच शिकला गेला. १९६०च्या सुमारास पंजाबातून, गुजरातेतून, बंगालातून तिकडे गेलेल्या कुटुंबांच्या मुलांना काही ठिकाणी वेगळ्या केंद्रांत नेऊन आधी इंग्रजी शिकवीत आणि मग शाळेत घेत. १९७५ साली बुलक समितीने सांगितले की भाषा ही प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची जबाबदारी आहे आणि मुलाची घरची भाषा शाळेने परकी मानू नये. १९८६ साली कॅल्डरडेल भागातल्या वेगळ्या वर्गांची रीत भेदभावाची ठरली, आणि मुले सर्वांबरोबर एकाच वर्गात बसू लागली. तेव्हापासून तिथे इतिहास-भूगोलाच्या शिक्षकालाही या मुलांना कसे शिकवावे याची थोडी तरी तयारी करावी लागते. आपली स्थिती वेगळी आहे, हे विसरू नये. तिथल्या मुलाला वर्गाच्या खिडकीबाहेर इंग्रजीच ऐकू येते. आपल्या मुलाला ते ऐकू येते वर्गात, तेही पस्तीस-चाळीस मिनिटे. पण विषयशिक्षकाच्या जबाबदारीचा मुद्दा मात्र इथेही तितकाच लागू आहे.

आणि घरची भाषा म्हणताना आपण सरसकट मराठी धरून चालतो, तेही बरोबर नाही. मेळघाटातल्या कोरकू मुलाची भाषा मुंडा कुळातली, गडचिरोलीच्या गोंडी मुलाची द्राविडी. नंदुरबारकडे पावरी आणि भिली, तांड्यावर बंजारा. या मुलाला मराठी हीच शाळेतली पहिली परकी भाषा. तिचा पाय रोवण्याआधी इंग्रजी येते, आणि शिक्षक इंग्रजीचा अर्थ सांगतो तो मराठीतून! म्हणजे न कळणाऱ्या गोष्टीचा खुलासा अर्धवट कळणाऱ्या भाषेत. अशा शाळेवर नेमणूक झालेल्या शिक्षकाला त्या बोलीची निदान शे-पन्नास वाक्ये नेमणुकीआधी शिकवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला वर्गात मदतीला बसवावे.

मोठ्या वर्गांना मुलांच्या हाताला काम द्यावे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास भागातल्या काही साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवले आणि मुलांना कोडी घातली. नकाशावरून वाट काढा, गाड्यांचे वेळापत्रक पाहून उत्तर शोधा. मुलांचे डोके कोड्यात गुंतले आणि भाषा आपसूक कानात शिरली. आपल्याकडे एस. टी. स्टँडवरचे वेळापत्रक उतरवून घ्यावे. सकाळी निघून दुपारी दोनच्या आत तालुक्याला पोचायचे, वाटेत बाजाराच्या गावी उतरायचे. कोणती गाडी घ्याल? प्रश्न इंग्रजीत, उत्तर एका शब्दात आले तरी चालेल. साहित्याचा खर्च शून्य.

बंगालात शिक्षकांना शिकवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली एक व्यवहारी प्रश्न विचारला होता. विमा मध्येच मोडला तर काही रक्कम हाती येते. तसे एखाद्या मुलाने शाळा मध्येच सोडली, तर तोवर शिकलेल्या इंग्रजीतले त्याच्या हाती काय उरते? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारी मुलगी सातवीत सुटली, तर तिला खतांच्या पोत्यावरचे, औषधाच्या बाटलीवरचे, बँकेच्या फॉर्मवरचे इंग्रजी वाचता येते का? दहावीच्या परीक्षेसाठी राखून ठेवलेले इंग्रजी तिच्या काही कामाचे नाही. दर वर्षाच्या अभ्यासात त्या वर्षापुरते रोख काही हाती पडले पाहिजे.

आता हे सारे शिक्षकाने शिकायचे कोठे? टेलपर्यंत पाणी येईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. विहीर जवळच खणावी. २०१६ पासून काही वर्षे राज्यातल्या काही जिल्ह्यांत ‘तेजस’ नावाचा उपक्रम झाला. त्यात शेजारच्या शाळांतले शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र बसत आणि एकमेकांच्या अडचणी सोडवीत. त्या धर्तीवर आपापल्या केंद्रात, महिन्याच्या शिक्षण परिषदेत, एक तास इंग्रजीसाठी राखता येईल. त्या तासात परिपत्रके वाचू नयेत. पहिली दहा मिनिटे शिक्षकांनी आपापसांत इंग्रजीत बोलावे. चुकले तर चुकू द्या, तिथे हसणारे कोणी नसावे, आणि केंद्रप्रमुखांनी सर्वांआधी तोंड उघडावे. मग त्याच शाळेतली वीस मुले समोर बसवून एकाने पाठ घ्यावा. बाकीच्यांनी मागे बसून एवढेच टिपावे की किती मिनिटे गुरुजी बोलले, किती मिनिटे मुले बोलली, आणि कोणती मुले एकदाही बोलली नाहीत. पाठ संपल्यावर ते आकडे फळ्यावर लिहावेत आणि गप्प राहिलेल्या मुलांची नावे घेऊन पुढच्या वेळी त्यांच्यासाठी काय करायचे ते ठरवावे. पुढच्या महिन्यात दुसरी शाळा, दुसऱ्या बाई, तेच कोष्टक.